सकाळी साडेसहाचा भाव आणि रात्रभर चालणारा क्रॉलर

दिवाळीनंतरचा दुसरा सोमवार होता, ११ नोव्हेंबर २०२४. दुपारी बाराच्या सुमारास आमच्या एका सभासद काकाजींचा कारंज्याच्या बाजारातून फोन आला. "काऊन गा, तुमचा मेसेज त म्हणे इथं सव्वाशे रुपये जास्त हाय. हर्रास झाला, इथं त काहीच जास्त नाई." मेसेजवर विश्वास ठेवून त्यांनी अठरा क्विंटल सोयाबीन दारव्ह्याला न उतरवता पिकअपमध्ये भरून कारंज्याला नेलं होतं. भाडं अंगावर पडलं, दिवस गेला. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या बराच खाली चालला होता. अशा दिवसांत अठरा क्विंटलवर सव्वाशे म्हणजे सव्वादोन हजार रुपये. त्यासाठी माणूस पहाटे गाडी भरून निघतो, आणि त्याचं चुकत नाही.

चूक आमची होती. मेसेजमध्ये दारव्ह्याचा भाव शनिवारचा होता आणि कारंज्याचा शुक्रवारचा. दोन्ही शेजारी-शेजारी लिहिलेले, तारीख कुठेच नाही. कारंज्याचं पान सलग दोन रात्री आमच्या हाती लागलंच नव्हतं, कारण ते आणणारा क्रॉलर सकाळपर्यंत त्या पानापाशी पोचतच नव्हता.

त्या क्रॉलरचं पुढच्या तीन आठवड्यांत काय झालं, ते इथे सविस्तर लिहून ठेवतो. आमच्यासारख्या छोट्या शेतकरी उत्पादक कंपन्या, बचत गटांचे संघ, तालुक्याच्या गावात बसून माहिती गोळा करणारी पोरं आता बरीच आहेत. साधनं सगळ्यांची अशीच: जुना लॅपटॉप, मोबाईलचं नेट, आणि कधीही जाणारी लाईन.

आमच्याकडे काय होतं

ऑफिसात दोन माणसं. हिशोब आणि हे संगणकाचं काम माझ्याकडे; सभासदांची नोंद आणि फोन ताईंकडे. यंत्र म्हणजे चार जीबी रॅमचा, फिरत्या डिस्कचा जुना लॅपटॉप. नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, रोजचे दोन जीबी. ते संपले की नेट बंद पडत नाही, पण वेग ६४ केबीपीएसवर येतो. हा आकडा लक्षात ठेवा, अर्धं प्रकरण त्यातच आहे.

क्रॉलर म्हणजे वेबसाइटवरची पानं एकामागून एक आपोआप उघडून, त्यातला मजकूर काढून, त्यातल्या लिंकांवरून पुढच्या पानांवर जाणारा प्रोग्राम. आमचा ४१ साइटींवर जायचा. आसपासच्या बाजार समित्या, सरकारी खरेदीच्या सूचना, कृषी हवामान सल्ला, काही खरेदीदारांची दरपत्रकं. रात्री बारानंतर नवे दोन जीबी मिळाले की सव्वाबाराला सुरू, सकाळी साडेसहाला साडेसहाशे सभासदांना मेसेज.

पहिला प्रोग्राम मी एका दुपारी लिहिला होता. प्रत्येक पानासाठी पडद्याआड क्रोम उघडायचं, पान पूर्ण लोड होऊ द्यायचं, टेबल वाचायचं, क्रोम बंद करायचं. सुरुवातीला पानं पाचशेच्या आत होती, त्यामुळे पहाटेआधी काम उरकायचं. हंगाम सुरू होईपर्यंत रांगेतली पानं २,६०० झाली. ती कशी वाढली हे मी कधी पाहिलंच नव्हतं, कारण सकाळी मेसेज जात होता.

आधी कामगार वाढवले, आणि एका समितीची साइट पडली

काकाजींच्या फोननंतर पहिली गोष्ट केली ती चुकीची होती, पण हिशोब करून केली होती, म्हणून तो हिशोब इथे देतो.

रांगांच्या गणितात जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: एका वेळी आत किती आहेत, ते म्हणजे दर सेकंदाला किती येतात गुणिले प्रत्येक जण आत किती वेळ थांबतो. जिनिंगच्या आवारात हे डोळ्यांनी दिसतं. तासाला दहा गाड्या येत असतील आणि प्रत्येक गाडी दोन तास आत राहत असेल, तर आवारात कधीही वीस गाड्या उभ्या सापडतील. मी हेच क्रॉलरला लावलं. २,६०० पानं तासाभरात हवीत, म्हणजे सेकंदाला ०.७२ पान. एका पानाला सहा सेकंद लागतात. म्हणजे एका वेळी चार-पाच पानं चालू हवीत. थोडी सूट धरून आठ कामगार केले, म्हणजे एका वेळी आठ क्रोम.

एका क्रोमला पानासकट साडेतीनशे एमबीच्या आसपास रॅम लागत होती. आठांची पावणेतीन जीबी, वर लॅपटॉपची स्वतःची गरज. रॅम भरली आणि यंत्र डिस्कवर उसनी जागा वापरायला लागलं. फिरत्या डिस्कवर हे सुरू झालं की सगळं चिखलात रुतल्यासारखं होतं. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदीत, सहा सेकंदांचं पान मिनिटावर गेलेलं दिसलं. आठ भागिले साठ म्हणजे सेकंदाला ०.१३ पान. एकटा कामगार ०.१७ देत होता. आठ जण मिळून एकट्याहून कमी काम करत होते. लिटलचा नियम खोटा ठरला नव्हता. थांबण्याचा वेळ स्थिर राहील हे मी गृहीत धरलं होतं, ते खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला एका बाजार समितीच्या बाबूंचा फोन. "भाऊ, हा नंबर तुमचाच हाय का? आमची साइट रात्रीपासून उघडूनच नाई राहिली. साइट पाह्यणाऱ्यानं सांगतलं का लॉगमधी तुमचा नंबर दिसून राह्यला." क्रॉलरच्या ओळखीच्या ओळीत, म्हणजे युजर एजंटमध्ये, मी आमचा फोन नंबर ठेवला होता. तो ठेवला होता म्हणून हा फोन आला, नाहीतर त्यांनी थेट आमचा पत्ता अडवला असता आणि मला कळलंही नसतं. रांग लिंका सापडतील त्या क्रमाने भरत होती. एका साइटच्या शंभर लिंका ओळीने आल्या, तेव्हा आठही क्रोम त्या एकाच साइटवर तुटून पडले. ती साइट कुठल्यातरी स्वस्त सामायिक होस्टिंगवर होती. त्याच सकाळी त्यांना खरेदीची सूचना टाकायची होती आणि ती टाकता येत नव्हती.

मी माफी मागितली आणि क्रॉलर चार दिवस बंद ठेवला. ताईंनी ते चार दिवस रोज संध्याकाळी अकरा बाजारांत फोन करून भाव लिहून घेतले.

वेळ कुठे जातो ते मोजलं

त्या चार दिवसांत एकच केलं. जुन्या लॉगमधली प्रत्येक रिक्वेस्ट, म्हणजे पानाची मागणी, काढून तिचे तुकडे पाडले: साइटच्या नावावरून पत्ता शोधायला किती, जोडणी करायला किती, पहिलं अक्षर यायला किती, उरलेलं यायला किती, वाचायला किती, साठवायला किती. हे आधी करायला हवं होतं. मोजमापाशिवाय केलेली प्रत्येक सुधारणा अंदाजावर असते, आणि माझा पहिला अंदाज एका समितीला महागात पडला होता.

सगळ्यात आधी डेटाचा हिशोब समोर आला. क्रोम पानाबरोबर सगळं आणतं: वरच्या सरकत्या पट्टीतले फोटो, फॉन्ट, नकाशा, मोजणीचे स्क्रिप्ट. पान सरासरी एक एमबी पडत होतं. म्हणजे दोन हजार पानांनंतर, पहाटे साडेतीनच्या आसपास, दोन जीबी संपायचे. पुढची सहाशे पानं ६४ केबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला आठ किलोबाइट. कारंज्याच्या भावाचं पान ज्या साइटवर होतं ते एकटंच १.८ एमबीचं. आठ केबीच्या वेगाने त्याला जवळपास चार मिनिटं लागतात. आणि माझ्या प्रोग्राममध्ये लिहिलं होतं: मिनिटभर वाट पाहा, नाही आलं तर सोडा, पुन्हा पहिल्यापासून मागा, असं तीनदा. म्हणजे दर वेळी आलेलं पाव पान टाकून द्यायचं आणि पुन्हा तेच मागायचं. कारंज्याचा भाव दोन रात्री का आला नाही, त्याचं उत्तर या एका ओळीत होतं. माझा प्रोग्राम त्या पानाला कधीच पूर्ण येऊ देणार नव्हता.

मग प्रश्न बदलला. दोन हजार सहाशे पानं वेगाने कशी आणायची हा प्रश्न बाजूला ठेवून, ही दोन हजार सहाशे पानं आहेत तरी कोणती, हे पाहायला बसलो.

रांगेत काय भरलं होतं

छापून काढली ती यादी. ताईंनी आणि मी पेन घेऊन बसून वाचली.

जवळपास नऊशे पानं एकाच साइटच्या दिनदर्शिकेची निघाली. तिथे प्रत्येक तारखेला एक पान आणि खाली "पुढचा महिना" अशी लिंक. क्रॉलर ती लिंक धरून पुढे-पुढे जात एप्रिल २०२७ पर्यंत पोचला होता. एप्रिल २०२७ मधल्या सोयाबीनचं रिकामं टेबल आम्ही रोज रात्री आमच्या डेटातून आणत होतो. याला क्रॉलरचा सापळा म्हणतात. साइटवाल्याचा त्यात काही दोष नसतो, दिनदर्शिका अशीच असते. आपण तारखेची मर्यादा घालायची असते.

आणखी हजारभर पानं एकच पान वेगवेगळ्या नावांनी होती. काही पत्त्यांत शेवटी तिरपी रेघ, काहींत नाही. काहींत प्रत्येक भेटीला बदलणारा सेशनचा क्रमांक. पण मराठी साइटींवर एक जास्तीचं कारण आहे, ते नीट सांगतो. पत्त्यात देवनागरी अक्षर थेट जात नाही. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याची खूण आणि दोन सोळाधारी अंक (० ते ९ आणि A ते F) असा लिहिला जातो. "कापूस" या शब्दात क, काना, प, ऊकार, स अशी पाच चिन्हं; म्हणजे १५ बाइट, म्हणजे पत्त्यात ४५ अक्षरं. ते सोळाधारी अंक कुणी मोठ्या रोमन अक्षरांत लिहितं, कुणी छोट्या. नियमाने दोन्ही सारखेच. पण माझा प्रोग्राम पत्ता अक्षर-अक्षर ताडून पाहायचा, त्यामुळे मुखपृष्ठावरून सापडलेला "कापूस" आणि मेनूतून सापडलेला "कापूस" त्याच्या दृष्टीने दोन वेगळी पानं होती. पत्ता रांगेत टाकण्याआधी एका ठरलेल्या रूपात आणायचा, एवढी चाळीस ओळींची दुरुस्ती. त्याने जेवढं काम कमी झालं तेवढं पुढच्या कुठल्याही युक्तीने झालं नाही.

उरलेल्यांपैकी तीनशे जुन्या सूचना होत्या, २०१९ पासूनच्या, ज्या बदलणार नाहीत. त्या एकदा आणून ठेवल्या की झालं. बाकी चारशे, त्यातली आमच्या उपयोगाची ३१०.

पाहिलेले पत्ते लक्षात ठेवायला ब्लूम फिल्टर लावावा का, असा विचार केला होता. बर्टन ब्लूम यांनी १९७० मध्ये मांडलेली ही पद्धत मला फार आवडते: प्रत्येक पत्त्याला साधारण दहा बिट दिले तर शंभरात एखाद्या वेळी न पाहिलेलं पान पाहिलेलं वाटतं, पण पाहिलेलं पान कधीच विसरलं जात नाही. एक कोटी पत्ते साडेबारा एमबीत बसतात. तेच पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या साध्या सेटमध्ये, म्हणजे पूर्ण पत्त्यांच्या यादीत, दीड-दोन जीबी खातील. पण आमचे पत्ते काही हजार. तिथे साधा सेट पुरतो, आणि शंभरात एखादं पान चुकून सुटणं आम्हाला परवडणारं नव्हतं. ते पान कारंज्याचं असू शकतं. म्हणून नाही लावला.

क्रोम काढलं

३१० पानांपैकी खरोखर ब्राउझर लागतं अशी किती, हे एकेक करून तपासलं. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा भाग उघडायचा, पान लोड करायचं आणि भावाचे आकडे कोणत्या रिक्वेस्टमधून आले ते पाहायचं. बहुतेक साइटींवर टेबल पानाच्या एचटीएमएलमध्येच, म्हणजे मूळ मजकुरातच, होतं. सहा साइटींवर ते मागाहून एका वेगळ्या पत्त्यावरून जेसन या नुसत्या माहितीच्या स्वरूपात येत होतं. तो पत्ता थेट मागितला की काम झालं. क्रोम फक्त एका साइटसाठी उरलं, आणि त्यातही फोटो आणि फॉन्ट अडवून.

कारंज्याच्या भावाचं ते १.८ एमबीचं पान? त्यातलं एचटीएमएल ९६ केबी. रिक्वेस्टमध्ये "जीझिप चालेल" असं सांगितलं की सर्व्हर ते दाबून पाठवतो: ९ केबी. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं म्हणून मराठी पानं फुगतात, पण टेबलात "सोयाबीन", "क्विंटल", "सर्वसाधारण दर" हेच शब्द पुन्हा-पुन्हा असल्याने ती दाबलीही तितकीच छान जातात. ९ केबी ६४ केबीपीएसवरही दीड सेकंदाच्या आत येतं. म्हणजे डेटा संपला तरी कारंजा चुकणार नाही. ती खात्री त्या रात्री झाली तेव्हा मला फार बरं वाटलं.

मजकूर वाचायला आधी शुद्ध पायथॉनमधला पार्सर होता. सी भाषेतल्या लायब्ररीवर चालणारा एलएक्सएमएल लावला. फरक पडला, पण मोजल्यावर दिसलं की वाचण्याचा वेळ एकूण वेळात आधीच थोडा होता. तिथे जास्त वेळ घालवला नाही.

जोडणी

नव्याने एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित, जोडणी करायला सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायच्या किती फेऱ्या लागतात ते मोजून पाहा. नावाचा पत्ता शोधायला एक, जोडणी उघडणाऱ्या टीसीपीची एक, ती सुरक्षित करणाऱ्या टीएलएसच्या जुन्या १.२ आवृत्तीत दोन, मग खुद्द रिक्वेस्टची एक. पाच फेऱ्या. आमच्या गावात रात्री एका फेरीला १२० मिलिसेकंद लागायचे, म्हणजे पानाचं पहिलं अक्षर येण्याआधीच ६०० मिलिसेकंद गेले. २०१८ मध्ये आलेल्या टीएलएस १.३ ने एक फेरी वाचवली. पण जोडणी उघडीच ठेवली तर पुढच्या पानाला एकच फेरी, १२० मिलिसेकंद. जुना प्रोग्राम प्रत्येक पानाला क्रोमच नव्याने उघडायचा, त्यामुळे हे सगळं दर वेळी नव्याने.

नावांचे पत्तेही आम्ही स्वतःकडे जपून ठेवायला लागलो. ही अडचण जुनी आहे. ब्रिन आणि पेज यांनी १९९८ मध्ये त्यांच्या गूगल या सर्च इंजिनविषयी लिहिताना डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेकडची, चौकशी हा वेगावरचा मोठा ताण असल्याचं सांगितलं होतं. त्यांच्या प्रत्येक क्रॉलरकडे स्वतःचा डीएनएस कॅश, म्हणजे जपून ठेवलेल्या पत्त्यांचा साठा, होता. त्यांचे चार क्रॉलर मिळून भरात असताना सेकंदाला शंभराहून जास्त पानं आणायचे. आम्हाला सेकंदाला एकही नको होतं, पण अडचण तीच.

एका काट्यावर एकच गाडी

समितीच्या बाबूंच्या फोननंतर मी मनाशी पक्कं केलं होतं की वेग दुसऱ्याच्या सर्व्हरच्या जिवावर घ्यायचा नाही. वेग आणि सभ्यता एकमेकांच्या आड येतात असं मला आधी वाटायचं. तसं नाही.

प्रत्येक साइटला स्वतःची वेगळी रांग दिली. एका साइटवर एका वेळी एकच रिक्वेस्ट. पण साइटी ४१, म्हणजे एकाच वेळी ४१ ठिकाणी काम चालू शकतं. बाजारात एका काट्यावर एकच गाडी लागते, पण काटे अनेक असतात, त्यामुळे कुणी खोळंबत नाही. हेडन आणि नायॉर्क यांनी कॉम्पॅक या संगणक कंपनीत बांधलेल्या आणि १९९९ मध्ये मांडलेल्या मर्केटर क्रॉलरची रचना याच तत्त्वावर होती. आम्ही पायथॉनच्या असिंकने, म्हणजे एकाची वाट पाहताना दुसरं काम करण्याच्या सोयीने, हे केलं. एकच प्रोसेस, ४१ रांगा. सगळा वेळ वाट पाहण्यात जात असताना वेगवेगळे थ्रेड किंवा प्रोसेस लागत नाहीत.

दोन पानांमध्ये किती थांबायचं, हेही मर्केटरकडूनच घेतलं: मागचं पान यायला जेवढा वेळ लागला त्याच्या दहापट. सर्व्हर दमला असेल तर तो हळू उत्तर देतो, आणि आपण आपोआप जास्त थांबतो. सर्व्हरने ४२९ (फार वेळा मागितलंत) किंवा ५०३ (सध्या जमत नाही) असं उत्तर दिलं आणि सोबत "इतक्या वेळाने या" अशी सूचना दिली, तर ती तंतोतंत पाळायची. रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाईल दिवसातून एकदा वाचायची आणि त्यात मना केलेलं मागायचं नाही. मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवलेली ही प्रथा २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ या इंटरनेटच्या दस्तऐवजाने रीतसर मानक झाली.

बदललं असेल तरच द्या

आता ३१० पानं उरली, पण त्यातली रोज बदलणारी साठ-सत्तरच. एचटीटीपीत यासाठी सोय आहे. सर्व्हर पानासोबत ईटॅग नावाची खूण किंवा शेवटच्या बदलाची वेळ देतो, पुढच्या वेळी आपण तीच परत दाखवून विचारायचं, "यानंतर काही बदललं का?" नसेल तर सर्व्हर ३०४ एवढंच उत्तर देतो, पान पाठवतच नाही. ४१ पैकी चौदा साइटींनी हे पाळलं.

बाकीच्यांचं पान येणारच, पण ते पुन्हा वाचून साठवायचं की नाही हे ठरवायला पानाच्या मजकुराचा हॅश, म्हणजे मजकूर जरा बदलला तरी बदलणारी छोटी खूण, काढून कालच्याशी ताडायचा, असं ठरवलं. पहिल्या दिवशी सगळीच पानं "बदललेली" निघाली. एक पान उघडून कालचं आणि आजचं शेजारी ठेवलं. भाव तेच. बदललं होतं ते तळाशी: "आजपर्यंत भेट देणाऱ्यांची संख्या". आम्ही स्वतः रोज जाऊन ती एकने वाढवत होतो. दुसऱ्या साइटवर घड्याळ होतं, तिसऱ्यावर पानात लपलेलं प्रत्येक वेळी बदलणारं फॉर्मचं फील्ड. तेव्हा हॅश फक्त भावाच्या टेबलाचा घ्यायला लागलो.

तरीही एक पान रोज बदललेलं दिसायचं, आणि डोळ्यांना काहीच फरक दिसत नव्हता. दोन दिवस घालवले त्यावर. शेवटी बाइट छापून पाहिले. "शेतकऱ्यांसाठी" या शब्दातला ऱ. एके दिवशी तो एकाच चिन्हाने लिहिलेला, दुसऱ्या दिवशी र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब, अशा दोन चिन्हांनी. बहुधा तिथे दोन माणसं आळीपाळीने टंकन करतात आणि दोघांचे कीबोर्ड वेगळे आहेत. पडद्यावर दोन्ही ऱ अगदी सारखे. युनिकोडच्या एनएफसी या ठरलेल्या रूपात मजकूर आणला की दोन्ही एक होतात. "र्‍य" लिहिताना मध्ये येणारा अदृश्य जोडक मात्र एनएफसीने जात नाही, तो वेगळा हाताळावा लागला. मराठी मजकुरावर काम करणाऱ्या प्रत्येकाने ही पायरी सुरुवातीलाच घालावी, असं मी कळकळीने सांगेन.

कधी विचारायचं

स्टॅनफर्डचे चो आणि गार्सिया-मोलिना यांनी दाखवून दिलं होतं की जे पान जास्त बदलतं तिथे त्याच प्रमाणात जास्त वेळा जाणं फायद्याचं ठरत नाही. सगळीकडे सारख्याच वेळा गेलं तरी एकूण साठा जास्त ताजा राहतो. अतिशय वेगाने बदलणाऱ्या पानामागे धावून हाती काही लागत नाही. हे वाचून मी बदलाचा वेग मोजणारं गणित लिहायला घेतलं होतं. मग त्या समितीच्या बाबूंना साइट आता नीट चालते का हे विचारायला फोन केला, आणि बोलता-बोलता विचारलं, "साहेब, भाव साइटवर केव्हा चढवता?" ते म्हणाले, "हर्रास झाला, मापं झाली, का साडेचार-पाचले चढवतो. अमावस्येले हर्रासच नसते, तवा काही नाई."

मी ते गणित तिथेच सोडलं. ताईंनी एकेका समितीला फोन करून वेळा आणि सुट्टीचे दिवस लिहून घेतले. कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तो आम्ही रोज रात्री मागत होतो. आता दोनच दिवस. भावाची पानं संध्याकाळी सहाला, एकदाच. रात्री बाराची वाट पाहायचं कारणच उरलं नाही, कारण डेटा आता तेवढा लागत नव्हता. रात्री लाईन गेली तरी भाव आधीच हातात.

साठवण्याचं थोडक्यात. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये प्रत्येक ओळ वेगळी नोंदवली की प्रत्येक वेळी डेटा डिस्कवर पक्का होईपर्यंत थांबावं लागतं. मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी तबकडी सेकंदाला नव्वदच वेळा फिरते, त्यामुळे सेकंदाला काही डझनच नोंदी पक्क्या होतात. एका साइटच्या सगळ्या ओळी एकत्र नोंदवल्या की हे थांबणं एकदाच. रांगही त्याच फाईलमध्ये ठेवली, म्हणजे मध्येच लाईन गेली तर परत आल्यावर उरलेल्या पानांपासूनच काम सुरू होतं.

आज

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या लॉगप्रमाणे: एक फेरी बारा मिनिटांची, त्यातली नऊ एका सावकाश साइटसाठी थांबण्यात जातात आणि ती जाऊ द्यायची असं ठरवलंय. डेटा रोज दहा एमबीच्या आत. रॅम ८० एमबी. क्रोम फक्त त्या एका साइटच्या वेळी उघडतं. लॅपटॉप आता दिवसा ताईंच्या कामाला मोकळा असतो.

मेसेजमध्ये प्रत्येक भावापुढे तारीख असते. शनिवारचा असेल तर सुरुवातीला "शनि." असं लिहायचो. एखादा बाजार दोन दिवस आला नाही तर भावाऐवजी "मिळाला नाही, फोन करून जा" असं जातं. काकाजींना पहिला नवा मेसेज गेला त्या संध्याकाळी त्यांनी फोन करून विचारलं, "हे शनि म्हणजे शनिवारच ना?" तेव्हापासून पूर्ण "शनिवार" लिहितो.

दोन बाजार अजून राहिले आहेत. तिथे भाव फळ्यावर खडूने लिहितात आणि फळ्याचा फोटो काढून साइटवर टाकतात. फोटोतून देवनागरी आकडे वाचायचा प्रयोग केला. खडूचा ५ आणि ६ पुसट उजेडात सारखेच वाचले गेले, आणि भावाच्या बाबतीत ती चूक चालणारी नाही. तिथे ताई संध्याकाळी पाचला फोन करतात, आकडा दोनदा विचारून घेतात आणि हाताने भरतात.